पॅलेडियमबाई

प्रयोगशाळेतून घरी निघताना पॅलेडियमबाई कचऱ्याच्या टोपलीत हात घालून बघत. पदर खोचायचा आणि चुरगळलेला एकेक कागद चाचपायचा. परळच्या आमच्या औषधांच्या कारखान्यात नव्याने आलेल्याला वाटे, बाईंचं काहीतरी हरवलंय. हरवलेलं काही नसे. पॅलेडियम गाळलेला एखादा फिल्टर पेपर कोरडा पडलाय का, एवढंच त्या बघत. पॅलेडियम हा महागडा धातू; कोळशाच्या भुकटीवर बसवलेलं पॅलेडियम ओलं असेपर्यंत गरीब गाय असतं. कोरडं झालं की हवेतच पेट घेतं.

मी एमएस्सी होऊन तिथे लागले, त्याच आठवड्यात तसा कागद टोपलीत टाकला आणि टोपली पेटली. गोरा साहेब धावत आला, कुणी टाकला म्हणून विचारू लागला. मी बाईंच्या मागे सरकले. "खोली माझी आहे, तेव्हा मीच," बाई म्हणाल्या. तो गेल्यावर माझ्याकडे वळल्या, "कुसुम, भीती पॅलेडियमची धर. माणसांची कसली धरतेस?" मला थोडा रागच आला. भीती काय विचारून येते?

बाईंचा खरा जीव अडकला होता तो खडूत. आमच्या एका औषधात हायड्रोजन जोडताना तो अर्ध्या वाटेवर थांबवावा लागे. पुढे गेला की सगळा माल फुकट. त्यासाठी पॅलेडियम खडूच्या भुकटीवर बसवायचं आणि थोडं शिसं चारून त्याचा जोर मारायचा. हा कॅटॅलिस्ट, म्हणजे क्रिया घडवून आणणारी भुकटी, सीलबंद डब्यांतून परदेशाहून येई. बाई म्हणत, मी इथे करीन. साहेब म्हणे, इथे जमायचं नाही. "का? इथल्या खडूला इंग्रजी येत नाही म्हणून?" हे बाई त्याला त्याच्याच भाषेत विचारत. पहिल्या दोन खेपा फसल्या, तेव्हा तो खुशीत होता.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्रासाठी सारं गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं. आम्ही 'ताप' म्हणून रजा टाकायचो. बाई अर्जावर सरळ 'मोर्चा' लिहीत. शेवटी कचेरीने प्रत्येकापुढे कागद ठेवला: चळवळीत भाग घेणार नाही, खाली सही. घरात मिळवती मी एकटी, मी निमूट सही केली. बाईंनी कागद पूर्ण वाचला आणि सही न करताच परत दिला. "टायपिंग छान आहे," म्हणाल्या. शनिवार त्यांचा शेवटचा दिवस ठरला.

उरलेले चार दिवस त्यांनी शिशाचं माप कमीजास्त करण्यात घालवले. शनिवारी दुपारी काचेच्या नळीतलं पाणी हायड्रोजन संपेल तसं चढत गेलं, नेमक्या खुणेवर आलं आणि थांबलं. आम्ही दोघी टक लावून बसलो. पाणी हललं नाही; हायड्रोजन अर्ध्या वाटेवरच थांबला होता. मग बाईंनी सगळी कृती, एकही माप न लपवता, नोंदवहीत लिहिली. मराठीत. खाली आपलं पूर्ण नाव. हे काय, म्हणून साहेब तडकला. "इथली भाषा आहे. शिकून घ्या," म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या. त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला, आणि स्वतःची तितकीच लाज.

सोमवारी साहेबाने ती वही माझ्यापुढे ठेवली. इंग्रजीत उतरव, म्हणाला, आणि तयार करणाऱ्याच्या जागी तुझं नाव घाल. मी सगळं उतरवलं आणि त्या जागी बाईंचं नाव घातलं. त्याने पान फाडलं. मी दुसरं लिहिलं, तेच नाव. तिसऱ्या पानानंतर तो म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस.

घरी कसं सांगावं ते कळेना, म्हणून थेट गिरगावात बाईंच्या खोलीवर गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी रडतरडतच सगळं सांगितलं. बाईंनी ताट बाजूला सारलं.

"माझं नाव पूर्ण लिहिलंस?"

"तिन्ही वेळा."

"मग रडतेस कशाला?"