आमच्या आळीची कंबरदुखी

"काय होऊन राह्यलं?" खिडकीतल्या कंपाउंडरनं माझ्या मायला विचारलं.

त्याआधी त्यानं नाव विचारलं होतं, गाव विचारलं होतं, नवऱ्याचं नाव विचारलं होतं. माय म्हणाली होती, वारले, धा वर्सं झाली. तेवढं तिनं नीट सांगितलं. आता मात्र ती खिडकीच्या गजांना तोंड लावून इतकं हळू बोलली की शेजारी उभी असून मलाही ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं सांग. कानगोष्टी करायला बसलो का मी हिथं?"

मायनं मागं वळून पाहिलं. मागं दोन बाकडी होती, दोन्ही भरलेली. तिघं आमच्याच गावचे. एक तर सकाळी जीपमध्ये आमच्या समोर बसून आला होता. तिनं पदर पुढं ओढला आणि पुन्हा सांगितलं. कंपाउंडरनं ते केसपेपरवर लिहिलं, आणि लिहिता लिहिताच सगळ्या दवाखान्याला जाईल अशा आवाजात म्हणाला, "अंगावरून रक्त जातं? पाळी सोडून?"

मायनं मान हलवली.

"नवरा जाऊन धा वर्सं झाली ना तुझा? मंग हे कशानं?"

बाकड्यावर कुणीतरी हसलं. मग दुसरा हसला. मी चौदा वर्षांची होते. प्रश्नाचा अर्थ मला पुरता कळला नाही, हसण्याचा कळला. मायनं माझा हात धरला होता.

हा दवाखाना तालुक्याच्या गावातला. आमच्या गावाहून जीपनं पाऊण तास. त्या भागातले सगळे तिथंच जायचे आणि अजून जातात.

आमचा नंबर यायचा होता तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मालकीणबाई उतरल्या. माय त्यांच्याच गोठ्यात शेणकूर करायची, हंगामात त्यांच्याच रानात कापूस वेचायची. गावची निम्मी जमीन त्यांची. त्यांना पाहून कंपाउंडर उठून उभा राहिला. त्यांनी खिडकीत काही सांगितलं नाही, त्यानं काही विचारलंही नाही. बाजूच्या दारानं त्या सरळ आत गेल्या. डॉक्टरनं स्वतः उठून दार लावलं आणि खिडकीचा पडदा ओढला. बराच वेळ दार बंद होतं. त्यांना काय झालं होतं हे मला आजपर्यंत माहीत नाही. माहीत नसावंच. रीत तीच आहे.

आमच्या वेळी दार उघडं होतं. पुढचा पेशंट उंबऱ्यात उभा होता. डॉक्टरनं मायकडं न बघता दोन गोळ्या लिहिल्या, एक सुई टोचली. दोन मिनिटंही झाली नसतील. पोटाला हात लावला नाही. माय काही बोलायला गेली तर म्हणाला, "सांगितलंय ना बाहेर? मग झालं."

जीप गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी माय खराटा घेऊन गोठ्यावर गेली. मालकीणबाई फाटकातच उभ्या होत्या. फार गोड बोलायच्या त्या. म्हणाल्या, "बरी हो आधी. मंग ये. तवर गोठ्यात शिरू नको बाई, आमच्या घरात देव हायेत." आदल्या दिवशी एकाच दवाखान्यात एकाच डॉक्टरपुढं दोघी बसल्या होत्या. एकीचा आजार पडद्याआड राहिला, दुसरीचा फाटकात येऊन उभा राहिला. माय खराटा घेऊन घरी आली आणि कोपऱ्यात ठेवून दिला.

हापशावर बायका तिला बघून बोलायच्या थांबायच्या. पारावर बसलेल्या एकानं तर जाता जाता विचारलं, कोण आहे गं, आम्हाला तरी सांग. माझी माय दहा वर्षं एकटी राबलेली बाई. त्या दिवसापासून तिनं पाराचा रस्ता सोडला, लांबून शेतातल्या पांदीनं यायला लागली.

महिन्यानं त्रास वाढला तेव्हा आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. खिडकीत तोच प्रश्न. माय खणखणीत आवाजात म्हणाली, "कंबर दुखती."

कुणी मान वर केली नाही. कुणी हसलं नाही. कंबरदुखीला कोण हसतं? सुई मिळाली, मलम मिळालं. पुढच्या वेळीही कंबर. त्याच्या पुढच्या वेळीही. एकदा मी तिच्या कानात म्हटलं, माय, खरं सांग ना. तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर काळंनिळं होतं. परतीच्या वाटेवर म्हणाली, "त्या खिडकीत मला पुन्हा नागडी करशील तर दवाखान्यालाच यायची न्हाई मी."

तिची फडकी मी बघत होते. दिवस उगवायच्या आधी ती धुवायची आणि साडीच्या आड वाळत घालायची. ती फडकी वाढत चालली होती हे मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. हे मी लपवणार नाही.

दीड वर्ष असं गेलं. मग कापूस वेचताना ती सरीत पडली. वेचणाऱ्या बायकांनी तिला टेम्पोत घातली आणि जालन्याच्या सरकारी दवाखान्यात आणली.

तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. मायनं माझा हात सोडला नाही म्हणून मला राहू दिलं. खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढला, स्टूल जवळ घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आता फक्त मी आहे. सांगा."

मायनं सांगितलं. सगळं. कधीपासून, किती, कसा वास येतो, सगळं. दीड वर्षाचं एका दमात. मी ऐकत होते आणि त्या पडद्याकडं बघत होते. जुनाट कापड, दोन ठिकाणी ठिगळ लावलेलं. एवढ्यावरच अडलं होतं का आमचं?

डॉक्टरणीनं जुने कागद मागितले. आमच्या भागात केसपेपर पेशंटच्याच हातात देतात, दर वेळी घेऊन यायचा. मायनं तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, टेम्पोत बसताना मी तो घरून घेतला होता. डॉक्टरीण वाचत होती आणि पहिल्याच ओळीवर थांबली. तिथं इंग्रजीत दोन अक्षरं होती आणि पुढं एक शब्द. तिनं मला विचारलं, "हे पहिल्याच दिवशी लिहिलंय. पाळी नसताना रक्तस्राव. ह्यावर काय तपासणी केली त्यांनी?"

काहीच नाही. त्या ओळीखाली नऊ वेळा कंबरदुखी लिहिली होती. नऊ वेळा तो कागद डॉक्टरच्या टेबलावर गेला होता. वरची ओळ तिथंच होती.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, पुढं गेलेला. लवकर आणलं असतं तर, एवढंच डॉक्टरीण म्हणाली. सात महिन्यांनी माय गेली.

गाव म्हणालं, बाई लाजली आणि जिवाला मुकली. मीही काही दिवस तसंच म्हणत होते. मायची लाज, मायची चूक. पण तो कागद माझ्याजवळ होता. ती दोन अक्षरं मी रोज काढून बघायची. बघता बघता एक दिवस डोक्यात उजेड पडला आणि अंगाची आग झाली. माय लाजली नव्हती. तिनं सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, खिडकीत, भरल्या दवाखान्यात. ते बाकड्यावरच्यांना कळलं, जीपमधल्याला कळलं, पाराला कळलं, मालकीणबाईला कळलं. ज्याला कळायला पाहिजे होतं त्यानं तेवढं वाचलं नाही.

शेवटच्या दिवसांत माय मला म्हणाली होती, "माझं सांग सगळ्याला. माझं झाकायचं काय राह्यलंय आता? पण दुसरीचं सांगू नको कधी." म्हणून मी तिचं लिहिते आहे.

आता मी तेवीस वर्षांची आहे. जालना एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात पाकिटं भरते. रोज टेम्पोनं जाते-येते. गेल्या उन्हाळ्यात माझी काकू म्हणाली, माझ्यासंग दवाखान्याला चल. काय होतंय विचारलं तर बोलेना. जीपमध्ये बसल्यावर माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "मी कंबर दुखती म्हणून सांगीन. तू मधी बोलू नको."

मला तिथंच ओरडावंसं वाटलं. मग एकेक चेहरा डोळ्यापुढं आला. शेजारची म्हातारी, कंबर. वळणावरची नवी सून, कंबर. आमच्या आळीतल्या सगळ्या बायकांची कंबर दुखते. मायला जे झालं ते बघून त्या बाकी काही शिकल्या नाहीत, एवढं मात्र पक्कं शिकल्या.

दवाखाना सुधारला होता. खिडकीला काच, आत कॉम्प्युटर. वर नवी पाटी: रुग्णांची माहिती गोपनीय ठेवली जाते. पाटीखाली कंपाउंडर तोच.

"काय होऊन राह्यलं?"

काकूनं तोंड उघडलं. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "डॉक्टरला सांगतील आत."

"आधी हिथं सांगावं लागतं. नोंद करायची असती."

मी ती पाटी मोठ्यानं वाचली. बाकड्यावरची माणसं बघायला लागली. कंपाउंडर म्हणाला, "ती लावावी लागती. नियम हाय." मागून कुणीतरी म्हणालं, ए पोरी, जल्दी कर, आमचाबी नंबर हाय. आणि नेमकं तेव्हाच बाजूच्या दारानं मालकीणबाई आत गेल्या. आता थकल्या आहेत, काठी टेकत होत्या. दार लागलं.

मी म्हटलं, "त्यांची नोंद कुठं केली? त्यांना काय होतंय ते बी विचारा हिथं. आम्ही ऐकतो."

डॉक्टर दार उघडून बाहेर आला. चिडला होता. म्हणाला, "दुसऱ्याच्या आजाराची अशी चौकशी करतात का? खासगी असतं ते."

"माझ्या मायचं बी खासगी होतं."

त्यानं मला ओळखलं नाही. मायलाही ओळखलं नसतं. मी पिशवीतून तो केसपेपर काढला. तो मी नेहमी बरोबर ठेवते. त्याच्यापुढं धरला. त्यानं सवयीनं खालची ओळ बघितली. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मोठ्यानं नका वाचू. मनात वाचा. पण वाचा."

त्यानं वाचलं. त्याचा चेहरा उतरला. मी ते पाहिलं आणि मला काही बरं वाटलं नाही. मग तो म्हणाला, खूप पेशंट असतात, बायका नीट सांगत नाहीत. मी म्हटलं, सांगितलं होतं, तुमच्याच माणसाच्या हातचं आहे हे. त्यानं कागद परत दिला आणि कंपाउंडरला सांगितलं, "ह्यांना जालन्याला जाऊ द्या. हिथं तमाशा नको."

म्हणजे हाकलून दिलं. आम्ही त्याच पावली जालन्याला गेलो. काकूची तपासणी झाली, इलाज सुरू आहे. तिला काय झालंय ते मी इथं लिहिणार नाही.

खिडकी तशीच आहे. पाटीही आहे. कंपाउंडर अजून मोठ्यानं विचारतो. डॉक्टरनं गावात सांगितलंय की ती पोरगी डोक्यानं अधू आहे. हीसुद्धा त्यानं गोपनीय ठेवलेली माहितीच असेल.

सुट्टीच्या दिवशी आता मी आळीतल्या कुठल्याही बाईबरोबर जाते. हाकलतात त्या दवाखान्यातही जाते. ती आणि खिडकी यांच्यामध्ये उभी राहते आणि सांगते, आत बोलतील, दार लावा. आधी दार, मग आजार. कुणी हसलं तर त्याच्याकडं बघत राहते, तो मान खाली घालेपर्यंत. आमच्या अंगाचं कुणाला सांगायचं ते आम्ही ठरवू. आणि ज्याला सांगू त्याला ते वाचावं लागेल, पहिल्या ओळीपासून. त्यानं वाचल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.