डॉक्टरांनाही न उघडणारं दार

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीतल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळायला होतो. घर साताऱ्यात, शनिवारी एसटीनं जायचो. लॅब एका डॉक्टरांची. त्यांची बिलं, पेशंटचे रिपोर्ट, सगळं मी लिनक्स या मोफत सिस्टीमवर बसवलं होतं. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर सीडी आली होती, तीवरून. फुकटात काम झालं म्हणून डॉक्टर खूश.

पुढं एक परदेशी यंत्र आलं. त्याचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालणारा, आणि दुसरा कॉम्प्युटर घ्यायची डॉक्टरांची तयारी नव्हती. तेव्हा वाइन नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर नवीन होतं. ते दुभाष्यासारखं मध्ये बसायचं आणि विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर चालवून घ्यायचं. बरीच झटापट करून मी ते जमवलं.

यंत्र विकणारा एजंट दर महिन्याला यायचा. खुर्चीत बसायचा, पुडीतलं भडंग तोंडात टाकायचा आणि त्याच तेलकट, तिखट बोटांनी कीबोर्ड बडवायचा. फ्लॉपी घालायची, काहीतरी भरून घ्यायचं आणि निघायचं. विचारलं तर म्हणायचा, "सर्व्हिस रिपोर्ट आहे, कंपनीला लागतो." मला त्याची किळस यायची, पण तेव्हा ती फक्त त्या बोटांची होती.

एके दिवशी कवठे महांकाळकडची एक बाई आली. शिवणकाम करायची. नवरा गलाईच्या धंद्यात दूर उत्तरेत असायचा, सोनं-चांदी गाळायच्या कामावर. तिची एड्सची तपासणी झाली होती. पहिला निकाल स्पष्ट आला नव्हता, म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्यांदा रक्त घेतलं होतं. तिनं पिशवीतून एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत काळपट काढा होता.

"दादा, ह्यो माणूस तुमचा का?"

"कोण माणूस?"

"परवा दारात आला. सासू हुबी हुती तिथंच. म्हनला, तुमच्या एड्सवर आमच्याकडं खात्रीचं औषद हाय. माझं नाव घिऊन म्हनला, दादा! ही बाटली दिऊन गेला. मला सवताला अजून रिपोर्ट न्हाई दिला तुमी. मग त्याला कुनी दिला?"

ती गेल्यावर मी त्या परदेशी प्रोग्रामच्या मागं लागलो. तो चालताना कुठल्या कुठल्या फाइली उघडतो, ते लिनक्समध्ये बघता येतं. यंत्राच्या कामाला त्याला त्याची एक डिरेक्टरी, म्हणजे फाइलींचा एक कप्पा, पुरत होती. पण एजंटचं ते बटण दाबलं की तो थेट पेशंटच्या रिपोर्टात शिरायचा. नाव, गाव, निकाल, सगळं गोळा करून फ्लॉपीवर. तीच यादी एजंट औषधवाल्यांना विकत असणार. वाइनमधून तो डॉक्टरांच्या नावानं चालायचा, त्यामुळं डॉक्टरांना जे दिसेल ते त्यालाही दिसायचं. त्या दुपारी डबा उघडला नाही.

डॉक्टरांना सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. मी त्या फाइली उघडायची परवानगी काढून घेतली. पुढच्या खेपेला एजंटची फ्लॉपी भरेना, तशी डॉक्टरांनी स्वतः बसून परवानगी परत दिली. फाइली त्यांच्या नावावर, म्हणजे दार उघडायचा हक्कही त्यांचाच.

"त्यानं केमिकल द्यायचं बंद केलं तर काय यंत्र डोक्यावर घेऊन नाचू?" ते मला म्हणाले. "आणि नावं गेली तर गेली. औषधच विकतायत ना लोक, विष तर नाही!"

हा माणूस शिकलेला होता, हसून बोलायचा, म्हाताऱ्या पेशंटना हात धरून पायरी चढवायचा. त्या दिवसापासून त्याच्या टेबलावरचा चहा मी घेतला नाही.

एका मित्राच्या कॉलेजात इंटरनेट होतं. तिथून मी कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या मुळालाच, जोडायची एक भर उतरवून आणली. तिच्यात नियम लिहायचा आणि तो मालकाच्या मर्जीवर राहत नाही. मी लिहिलं, की हा प्रोग्राम कुणीही चालवो, त्याला यंत्राची वायर आणि त्याची एक डिरेक्टरी, बाकी काही नाही. नियम बदलायचा पासवर्ड वेगळा, तो माझ्याकडं. तपासण्या पूर्वीसारख्याच चालू राहिल्या.

एजंट आला, बटण दाबलं, फ्लॉपी कोरी. डॉक्टरांनी परवानगी देऊन पाहिली, तरी कोरीच. त्यांनी मला आत बोलावलं.

"माझ्या कॉम्प्युटरवर मलाच बंदी?"

"तुम्हाला नाही, त्या प्रोग्रामला. तुम्ही चालवलात तरी त्याला."

"पासवर्ड सांग."

"नाही सांगणार, डॉक्टर."

एजंट कोपऱ्यात भडंग चावत होता. हसून म्हणाला, "राहू दे हो साहेब. डिस्क पुसून विंडोज टाकू की."

आणि खरंच, त्याच आठवड्यात कोल्हापूरहून एक माणूस आणून त्यांनी रिपोर्ट उतरवून घेतले, डिस्क पुसली, विंडोज बसवलं. माझी नोकरी गेली. प्रोग्राम आता मोकाट होता.

त्या बाईची रिपोर्ट न्यायला परत यायची तारीख मला ठाऊक होती. मी लॅबच्या खाली रस्त्यावर उभा राहिलो आणि तिला सगळं सांगितलं, आमच्याच कॉम्प्युटरमधून तिचं नाव गेलं ते, आणि अजून नावं कशी जातील तेही. ती म्हणाली, "थुकायला बी जागा न्हाई तुमच्यात." मीही त्या 'तुमच्यात' होतो.

ती जिना चढली. मी मागोमाग गेलो. बाकावर माणसं ओळीनं बसली होती. ती मधोमध उभी राहिली. "आवं, हितं खरं नाव सांगू नका. हितनं नावं इकत्यात. माझं इकलं." आपली तपासणी कसली, तेही तिनं सांगून टाकलं, आवाज न चढवता. काउंटरवरची मुलगी खाली बघत बसली. एक म्हातारा उठला, त्याच्यामागं दोघी-तिघी, मग सगळेच. पायऱ्यांवर चपला वाजत राहिल्या. डॉक्टर केबिनच्या दारात येऊन फक्त एवढंच म्हणाले, "ह्यांना रिपोर्ट देऊन टाका."

तो रिपोर्ट काय होता ते मी इथंही लिहिणार नाही.

मी साताऱ्याला परतलो, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलो. काही महिन्यांनी राहिलेलं सामान न्यायला सांगलीत गेलो तेव्हा त्या जिन्यावरून डोकावलो. बाक पुन्हा भरलेले होते. तसलं यंत्र आसपास दुसरीकडं नव्हतं, माणसं जाणार कुठं! आतून एजंट बडवायचा तशी कीबोर्डची खडखड येत होती. मी खाली आलो आणि गटारीच्या कडेला ओकलो.