नोन्नाचं नाक

आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात साहेबापेक्षा नोन्ना केरमारेकच्या नाकाला जास्त मान होता, आणि साहेबाला तेच खुपायचं. नव्या दारूचा धूर होत नाही, नेम धरणाऱ्याला समोरचं दिसेनासं होत नाही, म्हणून सगळा फ्रान्स नाचत होता. पण ती जुनी झाली की आतल्या आत कुजते, तापते आणि कुणी काडी न लावता पेट घेते, हे आम्हा निवडणाऱ्या बायकांना विचारावं. ही दारू चपट्या पट्ट्यांची असते; त्या पट्ट्यांना घशात खवखवणारा आंबूस वास आला की नोन्ना ती पेटी बाजूला ओढायची.

त्या वर्षी जहाजांवरून परत आलेला जुना माल नव्यात मिसळून पुन्हा पाठवायचं इंजिनिअर देल्पेशने ठरवलं. हाच आमचा साहेब. फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या आम्हा ब्रेतों बायकांना मेला गुरंच समजायचा.

"साहेब, हा माल सडलाय," नोन्ना म्हणाली. "माझा पोरगा तुदुआल ब्रेस्ट बंदरात जहाजावर याच दारूच्या कोठारावर झोपतो. शेजारी बॉयलर."

"म्हातारे, नाक धुऊन ये. कागदावर माल चोख आहे."

गुरुवारी नौदलाचा अधिकारी माल घ्यायला आला. नोन्ना जेवणाचा डबा घेऊन थेट ऑफिसात शिरली. तिला आवरायला मीही मागे धावले. डब्यात कुट्टूची धिरडी नव्हती, पट्ट्या होत्या. तिने डबा पेटत्या शेगडीशेजारच्या फळीवर ठेवला.

"चोख आहे ना? मग बसा तासभर याच्याजवळ. माझा पोरगा रोज झोपतो."

देल्पेशची खुर्ची आडवी झाली आणि तो दारापाशी पोचलासुद्धा. अधिकाऱ्याने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग देल्पेशकडे. स्वतःच्या हाताने डबा बाहेर नेऊन ठेवला आणि म्हणाला, "हा माल मी नेणार नाही."

माल नापास केल्याच्या कागदावर सही देल्पेशची. दक्षतेबद्दल पॅरिसहून शाबासकीही त्यालाच. नोन्नाला मात्र त्याच संध्याकाळी काढलं, दारू विस्तवाजवळ नेली म्हणून. साक्षीला मी.

"डबा हिनेच ठेवला ना?" देल्पेशने विचारलं.

"हो," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. नोन्नाने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने बघून शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तिच्या जागी मी बसते. जुना माल पुन्हा येऊ लागलाय. मी प्रत्येक पेटीवर वाकते, खोल श्वास घेते, मला काहीच कळत नाही, आणि मी पेटी पुढे सरकवते.