एकाच खिळ्यावरची कॅलेंडरं

आमच्या इमारतीतले काकाजी कुणाच्याही घरात शिरले, की आधी भिंतीवरचं कॅलेंडर उचलून मागे बघतात. आपण जुनं न काढता त्याच खिळ्यावर नवं अडकवतो ना, म्हणून. त्यांना हवं असतं एका किराणा दुकानाचं जुनं कॅलेंडर, कुस्तीचं चित्र असलेलं. मूळ चित्र त्यांच्या आखाड्यात होतं. आखाड्याच्या कमिटीनं फरशी बदलली तेव्हा ते मलब्याबरोबर फेकलं गेलं.

"टाइल्स पायजे होत्या कमिटीवाल्यायले," असं म्हणत ते कप बशीत आपटतात. आमच्याकडच्या बशा आता स्टीलच्या आहेत.

परवा आमच्याच स्वयंपाकघरात, सगळ्यांत खाली, ते चित्र निघालं. त्यांच्याजवळची एकुलती एक प्रत वाळवीनं अर्धी खाल्लेली. ही मात्र जवळजवळ धड होती. फक्त एका पैलवानाच्या कपाळापर्यंत चीर गेलेली.

"हात नको लावू गा," म्हणत ते चष्मा आणायला घरी गेले.

मी मदत केली. चिकटपट्टी लावली. ती तिरकी बसली, म्हणून उपटली. तिच्याबरोबर पैलवानाचं तोंड आलं.

ते परतले आणि माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत राहिले.

"काहून?"

"काकाजी, सरळ लावत होतो."

"कमिटीवाल्यायनं चित्र कधी पाह्यलंच नोतं. तू तं पाहून राहिला होता."

चित्र घेऊन ते गेले. काल जिन्यात भेटले. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि भाजीची पिशवी भिंतीच्या बाजूला घेतली.