गेरूचे वळ

बुद्धभूषण दुकानांमध्ये कॅमेरे बसवतो. पुंडलिकनगरच्या त्या मेडिकलवरचा कॅमेराही त्यानंच बसवला होता. मालक म्हणाला होता, "फक्त आपलं शटर दिसलं पाहिजे." भूषणनं शिडीवरून कॅमेऱ्याची मान जरा रस्त्याकडे वळवली. "शेठ, तेवढ्यात समोरची चहाची टपरीपण येते. राहू द्या."

दोन वर्षांनी त्याच कॅमेऱ्यासमोर शिवम मेला.

संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते. तो आणि भूषण, दोघं मित्र, टपरीवर चहा पीत उभे होते. दोन दिवसांपूर्वी गाडी लावण्यावरून शिवमची कुणाशी तरी बाचाबाची झाली होती. एका मोटारसायकलवरून तिघं आले. तिघांकडे कोयते. सगळं एकोणीस सेकंदांत संपलं. मोटारसायकल दिसल्यापासून सहाव्या सेकंदाला भूषण वळतो. सातव्या सेकंदाला तो चित्रात नाही. उरलेले बारा सेकंद शिवम एकटा आहे.

पोलिसांना ते चित्रण भूषणनंच काढून दिलं, कारण मालकाला पासवर्ड आठवत नव्हता. तिघंही पकडले गेले. चित्रणाची एक प्रत भूषणच्या मोबाइलमध्ये राहिली.

शिवमच्या आईला, मनकर्णाबाईंना, त्यानं सांगितलं, "काकू, मी रिक्षा आणायला धावलो." त्यानं रिक्षा आणली नव्हती. तो नुसता पळाला होता. देवळाबाहेरच्या चपलांच्या मांडणीमागे गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

त्या मात्र दर रविवारी त्याला जेवायला बोलवायच्या. शिवमच्या ताटात वाढायच्या. "तू होतास म्हणून माझा शिवम एकटा नव्हता," म्हणायच्या. घास भूषणच्या तोंडात फिरत राहायचा.

त्याला एकच गोष्ट कळायला हवी होती. तो थांबला असता, तर शिवम वाचला असता का? एखाद्या जाणकारानं 'नाही' म्हटलं, की ते ताट त्याला जेवता येणार होतं. म्हणून तो शिकवणारा माणूस शोधू लागला. हत्यारं घेतलेले तिघं समोर असताना काय करायचं, हे शिकवणारा.

औरंगपुऱ्यात एका कापड दुकानाच्या वर कराटेचा वर्ग होता. पांढऱ्या कपड्यांतली दहा-बारा वर्षांची मुलं हवेत ठोसे मारत होती. भूषणनं सरांना विचारलं.

"एकेकाला घ्यायचं," सर म्हणाले.

"एकदम आले तर?"

"एकदम? तिघं? अन् हातात कोयते?" सर हसले. "असला प्रश्न आमच्या परीक्षेत येत नसतो, भाऊ."

मग तो एका निवृत्त सैनिकाच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेला. तिथं लाकडी सुरे होते. प्रात्यक्षिकात एक जण चालून आला, की बाकीचे दोघं जागच्या जागी पाय नाचवत उभे राहायचे.

"हे दोघं कशाला थांबलेत?" भूषणनं विचारलं.

"सराव आहे ना."

तो दुसऱ्या दिवशी गेला नाही.

मग त्याला कडुबा आठवले. एप्रिलमध्ये, जयंतीच्या मिरवणुकीत, पैठणकडच्या एका गावाचं लाठीचं पथक शहरात आलं होतं. मधोमध सत्तरीचे कडुबा अन् भोवती चार जण. चौघांच्या लाठ्या चारी बाजूंनी येत होत्या. म्हाताऱ्याला एकही लागली नव्हती. शिवमही होता तेव्हा. शिट्ट्या वाजवत होता.

एका रविवारी सकाळी भूषण पैठणच्या एसटीत बसला. अलीकडच्या फाट्यावर उतरून चालत गावात गेला. विहाराच्या अंगणात पथकाचा सराव चालू होता.

"जय भीम, बाबा."

"जय भीम. कोणाचा तू?"

त्यानं सांगितलं. मग मोबाइल पुढं केला. कडुबांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं. मोबाइल त्यांनी नातीकडे, करुणाकडे दिला.

"बाबा, तुम्ही चौघांना अडवलं होतं. मी पाहिलंय. मला ते शिकवा."

"ते व्हय?" म्हातारा हसला. "ते खेळ हाय, लेकरा. आमचे चौघं पाळीनं येतात. कोण कवा येणार ते मला ठावं असतं. एकदा हिनं पाळी मोडली, तर माझा दात गेला."

"तो पडायलाच आलता," करुणा म्हणाली.

भूषण तिथंच ओट्यावर बसला. ज्याच्या भरवशावर तो इथवर आला होता, तो एक बसवलेला नाच होता.

कडुबांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "ऊठ," म्हणाले. "खरं काय ते बघूनच जा."

त्यांच्या पथकाची एक रीत होती. नवा माणूस आला, की त्याला पांढरा शर्ट घालायचा. आखूड काठ्यांच्या टोकांना चिंध्या बांधून त्या ओल्या गेरूत बुडवायच्या. काठी लागली की शर्टावर वळ उमटतो. कुणाला खोटं बोलता येत नाही.

भूषणच्या हातात लाठी दिली. करुणा आणि दोघं आखूड काठ्या घेऊन समोर आले.

"पाळी नाय," कडुबा म्हणाले.

दहा आकडे मोजायच्या आत भूषणच्या अंगावर अकरा वळ उठले. एक गळ्यावर होता.

"आता त्या दिवशी केलं ते कर."

तो वळला आणि पळाला. अंगणाच्या टोकाच्या लिंबाच्या झाडापाशी जाऊन थांबला. तिघं मागंच राहिले. नवा वळ नव्हता.

"बराबर पळालास," कडुबा म्हणाले. "मीबी हेच शिकवितो. गराडा पडायच्या आत सुटायचं. थांबला असतास तर दोन मढी उचलावी लागली असती."

भूषणचे डोळे भरून आले. हेच ऐकायला तो इतका हिंडला होता. आता शर्ट काढून देता आला असता. साडेदहाची गाडी मिळाली असती.

पण तो म्हणाला, "बाबा, दोघं उभे राहू का?"

शिवमच्या जागी सम्यक नावाचा पथकातला पोरगा उभा राहिला. दोघं पाठीला पाठ लावून लढले. दोघंही गेरूनं माखले. हेही उत्तर 'नाही' असंच होतं.

करुणा काठी ठेवून पुन्हा मोबाइल बघत होती. तिनं मान वर केली.

"तुम्ही याचा हात का नाय धरला?"

भूषण तिच्याजवळ आला.

"वळताना," ती पडद्यावरच्या शिवमवर बोट ठेवून म्हणाली. "हा तुमच्या उजव्या हातालाच तर उभा हाय."

भूषण पुन्हा जागेवर गेला. तिघं आले. वळता वळता त्यानं सम्यकचं मनगट धरलं आणि ओढलं. दोघं लिंबापाशी पोचले. भूषणच्या पाठीवर दोन वळ. सम्यकच्या खांद्यावर एक.

"परत," भूषण म्हणाला.

पाच वेळा केलं. दोनदा सम्यक सापडला. तीनदा दोघं सुटले.

"तीनदा," करुणा म्हणाली.

"गप बस," कडुबा ओरडले. मग भूषणच्या खांद्यावर हात ठेवला. "इथं तुला ठावं होतं ते येणार म्हणून. तिथं ठावं नव्हतं. ध्यानात ठेव."

"सहा सेकंद होते, बाबा."

म्हाताऱ्यानं हात काढला नाही.

शर्ट त्यानं परत दिला नाही. तसाच एसटीत बसला. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, रंगपंचमी कवाच झाली की." कुणी हसलं नाही. शेजारची जागा शहर येईपर्यंत रिकामी राहिली.

मनकर्णाबाईंनी दार उघडलं आणि चौकट धरली. "अगं बाई! ह्ये काय?"

"गेरू आहे, काकू."

ताट वाढलेलं होतं. तो ताटावर बसला नाही. उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं. रिक्षा नव्हती. चपलांच्या मांडणीमागं बसलो. थांबलो असतो तर दोघं मेलो असतो. पण सहा सेकंद होते. हात धरता आला असता. पाचात तीनदा दोघं सुटलो.

त्या हातातली पळी घेऊन ऐकत होत्या.

"ठाण्यात दाखवलं होतं मला," त्या म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात."

भूषणला कळायला वेळ लागला. म्हणजे दर रविवारी, ताट वाढताना, त्यांना माहीत होतं.

"वाटायचं, आज सांगशील. पोरगं खाली मान घालून जेवतंय, आज बोलंल." त्यांनी पळी ठेवली. "किती सेकंद म्हणालास?"

"सहा."

त्यांनी भाकरी परत टोपल्यात ठेवली. ताटावर ताट झाकलं.

"आज जेव म्हणणार नाय मी," त्या म्हणाल्या.

तो चपला घालून जिना उतरू लागला. अर्ध्यात आला, तेव्हा वरून आवाज आला.

"भूषण."

त्यानं वर पाहिलं. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"पुढच्या रविवारी ये."