थंड पाण्यातली काच

मला खाडीपार बाबांनीच केलं. उतारूंना होडीतून पैलतीरी पोचवणं हे त्यांचं रोजचंच काम. त्या सकाळी उतारू मी एकटी होते. आई धक्क्यावर पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. ती लहान होत होत माडांत मिसळली. तोवर बाबा वल्ह्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "एकदा सांगल्यावर कळाक व्हया. दोनदा इचारू नको गो, लोक खुळी म्हणतले."

चौथीत शाळा सुटलेल्या मुलीला एवढीच शिदोरी मिळाली. ती मी फार जपून आणली.

मामा पिंपरीच्या माळावर नव्या कारखान्यांच्या बांधकामावर गवंडी होता. तुम्हां गाववाल्यांना तो माळ कसा सांगू? आपल्याकडे जिथं बघाल तिथं काहीतरी हिरवं आडवं येतं. इथं नजर जाते आणि परतच येत नाही. मामानं चिंचवडच्या पुढच्या एका लहानशा धर्मादाय इस्पितळात मला आयाच्या कामाला लावलं. इस्पितळ क्षयाचं. नाव ऐकून मामाच्या शेजारणी दोन पावलं मागं सरकल्या. पण तिथं मुलीचं काम बघून तिला नर्सच्या हाताखाली घेत, शिकवत. शिकले तर राहीन, नाही तर तीच होडी आणि तोच धक्का. रोज सकाळी हीच भीती घेऊन मी वॉर्डात शिरायची, आणि कुणी काही सांगितलं की कळो न कळो, मान डोलवायची.

माझ्याबरोबरच निघोज्याची सखू लागली होती. शेतकऱ्याची पोर, तोंडानं फटकळ. मला "कोकणे" म्हणायची. पहिल्याच आठवड्यात तिला काचेच्या सिरिंजा उकळायला सांगितल्या. तिनं पातेल्यात पाणी ठेवलं, खळखळू दिलं आणि मग सिरिंजा आत सोडल्या. तडतड आवाज झाला. सगळ्या तडकल्या. तेव्हा एकेक सिरिंज मिळवायला पुण्याला खेटे घालावे लागत.

थोरात सिस्टर धावत आल्या. नगरकडच्या ख्रिस्ती बाई, वॉर्ड त्यांच्याच हातात. सखू म्हणाली, "आदण आल्याबिगर कुनी वैरतं व्हय? आमी तांदूळ असंच टाकतो."

सिस्टर आधी हसल्या. ते काम माझ्याकडे आलं असतं तर मीही तसंच केलं असतं, हे मला तेव्हाच कळलं. मग त्या म्हणाल्या, "काच थंड पाण्यात ठेवायची आणि पाण्याबरोबर तापू द्यायची. फुटली ती फुटली. आता जी नवी मुलगी येईल, तिला हे तूच शिकवायचंस."

त्या वॉर्डाची रीतच ती होती. जिच्या हातून बिघडलं, तिनंच पुढचीला शिकवायचं. सखूला रोगीसुद्धा "आदणबाई" म्हणू लागले आणि ती मिरवायची. मी मात्र महिनाभरानं धीर करून थर्मामीटर कसा वाचायचा ते दुसऱ्यांदा विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "तिसऱ्यांदा विचारलंस तरी चालेल, पण आकडा मनानं सांगू नकोस." त्या दिवशी मी संडासात जाऊन रडले. कुणी रागावलं नाही म्हणूनही माणूस रडतं.

मग सिस्टरच खोकू लागल्या. छातीचा फोटो काढला, क्षयच निघाला. ज्या वॉर्डात त्या फेऱ्या मारायच्या, त्याच्याच व्हरांड्यात त्यांची खाट पडली.

त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, जिच्या हातून फुटेल तिनं घरी जायचं. त्यानंतर काही फुटेना. विचारणंही बंद झालं. सगळ्या माना डोलू लागल्या, माझी सर्वांत आधी. एक नवी मुलगी आली होती, तिला शिकवायला सखू गेली तर बाईंनी तिला हटकलं. त्या मुलीला काच तडकण्याची एवढी धास्ती, की ती पाणी कोमट झालं की सिरिंजा बाहेर काढायची. आम्हांला ते ठाऊक नव्हतं. कळलं ते सिस्टरांच्या दंडामुळं. इंजेक्शनाच्या जागी गाठ आली, मग पू झाला. आणखी दोघा रोग्यांचंही तसंच झालं.

सिस्टरांनी आपल्याच दंडाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "पाणी उकळत नाहीये. पोरी भितात गं." कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

सखूला ते बघवेना. ती सगळ्यांदेखत बाईंपुढं उभी राहिली. "बाई, पयल्या सिरिंजा मी फोडल्या हुत्या. या पोरीला मला शिकवू द्या. न्हाईतर मान्सं मरतील."

बाई म्हणाल्या, "ही शाळा नाही. तू उद्यापासून येऊ नकोस."

जाताना ती मला म्हणाली, "चालले कोकणे. शेतात बरं, फुटलं तर ढेकूळ फुटतंय." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला, कारण तिला रडायचं नव्हतं.

पण तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं; त्यानंतर पाणी नीट उकळू लागलं. सिस्टरांचा दंड भरून आला, छाती मात्र बरी झाली नाही, आणि त्या गेल्या. जाण्याआधी त्यांनी डॉक्टरांना माझं नाव सांगून ठेवलं होतं. म्हणून आज मी शिकाऊ नर्स आहे. नवी मुलगी आली की तिला पातेल्यापाशी घेऊन जाते आणि हळू आवाजात सखूची गोष्ट सांगते. बाईंची पावलं वाजली की गप्प होते.

गेल्या शिमग्याला घरी आले होते, तेव्हा तुम्ही सारे भेटायला आलात, पण अंगणातूनच. राग नाही, मी त्या इस्पितळातली. आईनं मला काचेच्या पेल्यात चहा दिला. पिऊन झाल्यावर पेला पडवीतच ठेवायला लावला आणि चुलीवरचं उकळतं पाणी त्यात ओतलं. पेला उभा तडकला. आई माझ्याकडे बघत राहिली, जणू तिनं मलाच काही केलं होतं.

मी म्हटलं, "फुटला तो फुटला. काच थंड पाण्यात ठेवायची आणि पाण्याबरोबर तापू द्यायची. आता शेजारच्या काकीला तूच शिकव."

बाबा दारात उभे होते. "काय म्हणालंस? परत सांग गो."

बाबांनी दोनदा विचारलं. मी परत सांगितलं.

माझं घर आता कुठलं, ते मला नीट सांगता येत नाही. व्हरांड्यातली ती खाट दुसऱ्या कुणाला मिळाली, सखू निघोज्याला, आणि आईच्या पडवीत माझा पेला वेगळा. पण परतताना होडी मधोमध आली आणि धक्क्यावरून आईची हाक आली, "थंड पाण्यात ना गो?" मी ओरडून होय म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. बाबांनी वल्हं थांबवलं, मला उत्तर देता यावं म्हणून.