छातीवरचा बिल्ला

सिन्नरची जीप दिसली की अजून मी वाट बदलतो.

एरवी मी भिणारा नव्हे. पंचवटीतल्या आमच्या एक्स-रे सेंटरात मी ‘श्वास रोखा’ म्हटलं की बाहेरच्या रिक्षाही थांबत. एका पैलवानाने रोखलेला श्वास घरी जाऊन चहा पिताना सोडला. एवढ्या कर्तबगार माणसाला लोक डॉक्टर म्हणाले, तर त्याने किती वेळा नाही म्हणावं? कोटावर ‘टेक्निशियन’ असं शिवलेलं होतं. पण अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला नेमका त्यावर लटके, आणि लोकांना तो डॉक्टरकीचा वाटे. जरा सरकवला असता तर अक्षरं दिसली असती. मी सरकवला नाही.

फोटो मी काढायचा आणि वाचायचा डॉक्टर मॅडमनी, हा नियम. त्या बाराला येत.

एका सकाळी बाजारात मेथी विकणाऱ्या मावशी आल्या. महिनाभर खोकला. सिन्नरला लेक बाळंत झालेली, आणि जावयाने बजावलेलं, की छातीचा फोटो काढल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. फोटो पडद्यावर आला तसं त्यांनी विचारलं, “डॉक्टरसाहेब, घेऊ ना नातवाला?”

मी ऐटीत पडद्याकडे पाहिलं. “छाती कसली, सारवलेलं अंगण आहे. खुशाल घ्या मांडीवर.”

त्या रिपोर्टला थांबल्या नाहीत. डॉक्टरनेच सांगितल्यावर कशाला थांबतील?

मॅडमनी तो फोटो पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. उजवीकडे वर डाग होता. टीबी असू शकतो, थुंकी तपासायला हवी, बोलवून घ्या, म्हणाल्या. मी मावशींना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. एकच्या जीपने निघणार, एवढं मावशी बोलल्या होत्या. द्वारका चौकातल्या जीपच्या थांब्यापर्यंत स्कूटर कशी नेली, मला आठवत नाही. डोळ्यांपुढे चार दिवसांचं बाळ होतं आणि त्याच्या तोंडावर वाकून खोकणाऱ्या मावशी.

जीप भरली होती, इंजिन सुरू झालं होतं. ओरडलो, तर रिक्षा थांबवणारा तो आवाज इंजिनापुढे कुणाला ऐकूच गेला नाही. शेवटी जीपला आडवा उभा राहिलो.

“मावशी, उतरा. मी डॉक्टर नाही. मी नुसता फोटो काढतो.”

अख्खी जीप बघत होती. मावशींनी मांडीवरचा डिंकाच्या लाडवांचा डबा घट्ट धरला.

“मग सकाळी सांगितलं ते?”

“माझ्या मनाचं. मॅडमनी फोटो पाहून परत बोलावलंय.”

त्या उतरल्या. स्कूटरवर मागे बसल्या त्या पदर तोंडाला लावूनच. सेंटरच्या पायरीवर डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, “आता खरं सांग. बरं वाटेल ना मला?”

टीबी बरा होतो, हे शेंबडं पोरही सांगेल. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण सकाळचं ‘सारवलेलं अंगण’ही असंच जिभेवर आलं होतं.

“मॅडम सांगतील,” म्हटलं, आणि दार उघडून धरलं.